घरातले एकच इंटरनेट कनेक्शन दोन संगणकांना कसे पुरवावे

घरात संगणक दोन झाले म्हणून इंटरनेटचे दुसरे कनेक्शन घेण्याची गरज नसते. मात्र आलेल्या केबलला फाटा काढून ती दोन्ही संगणकांना जोडली की काम झाले, असेही नाही. सेवा देणारी कंपनी घरगुती कनेक्शनला साधारणपणे एकच आयपी पत्ता (इंटरनेटवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) देते आणि त्या पत्त्यावर एका वेळी एकच उपकरण नांदू शकते. त्यामुळे मध्ये एखादे उपकरण असावे लागते, जे बाहेरचा पत्ता स्वतःकडे ठेवते, आतल्या संगणकांना वेगळे खाजगी पत्ते वाटते आणि बाहेरून आलेली माहिती ज्याची त्याला पोहोचवते. अशा उपकरणाला राउटर म्हणतात. हे वाटपाचे काम कोण करणार, हे सर्वांत आधी ठरवावे आणि ते एकाच उपकरणाकडे ठेवावे. घरगुती जोडणीत मी ज्या अडचणी सोडवल्या, त्यांतल्या बऱ्याच अडचणींचे मूळ हे काम कोणाकडेच नसण्यात किंवा दोघांकडे असण्यात सापडले.

आतल्या वापरासाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजानुसार १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ यांनी सुरू होणारे पत्ते खाजगी जाळ्यांसाठी आहेत. राउटर प्रत्येक संगणकाकडून निघालेल्या विनंतीची नोंद ठेवतो, तिच्यावर बाहेरचा पत्ता घालून ती पुढे पाठवतो आणि उत्तर आले की नोंद पाहून ते योग्य संगणकाकडे वळवतो. दोन्ही संगणकांवर एकाच वेळी एकच संकेतस्थळ उघडले तरी उत्तरांची अदलाबदल होत नाही, ती या नोंदीमुळेच.

आधी हाताशी काय आहे ते पाहावे

कंपनीने बसवलेल्या डब्याची मागची बाजू नीट पाहावी. तिथे केबल लावण्याची एकापेक्षा जास्त पोर्ट असतील किंवा डब्यातून वाय-फाय मिळत असेल, तर तो बहुधा मोडेम (कंपनीच्या तारेवरचा संकेत संगणकाला समजेल असा करणारे उपकरण) आणि राउटर असा दुहेरी डबा असतो. खात्रीसाठी एक संगणक केबलने जोडावा, विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्यावी आणि डीफॉल्ट गेटवे (बाहेर जाण्याचे दार) म्हणून कोणता पत्ता दिसतो ते पाहावे. तो ब्राउझरमध्ये टाकल्यावर (हे आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत टाकावेत) डब्याचे लॉगिनचे पान उघडले आणि त्यात वाय-फाय किंवा डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) यांची सेटिंग दिसली, तर वाटपाची सोय घरात आधीच आहे. मग दुसऱ्या संगणकाची केबल मोकळ्या पोर्टमध्ये लावावी किंवा तो वाय-फायवर जोडावा, एवढेच काम उरते.

स्वतंत्र राउटर लावायचा असल्यास

डबा नुसता मोडेम असेल, तर राउटर घ्यावा. कायमच्या वापरासाठी हाच मार्ग मला योग्य वाटतो. प्रथम मोडेम बंद करून काही मिनिटे तसाच ठेवावा. काही मोडेम आधी जोडलेल्या संगणकाची ओळख लक्षात ठेवतात आणि बंद केल्याशिवाय नव्या उपकरणाला दाद देत नाहीत. मग मोडेममधून निघणारी केबल राउटरच्या वॅन (WAN, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या) पोर्टमध्ये लावावी. हे पोर्ट बहुतेक राउटरांवर इतरांपासून थोडे दूर किंवा वेगळ्या रंगाचे असते. दोन्ही संगणकांच्या केबल लॅन (LAN, म्हणजे घरातली बाजू) लिहिलेल्या पोर्टमध्ये लावाव्यात. मोडेम सुरू करून त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबावे आणि त्यानंतरच राउटर सुरू करावा.

आता राउटरच्या लेबलवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये उघडावा. तो पुष्कळदा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. कनेक्शन पीपीपीओई (नाव आणि पासवर्ड देऊन सुरू होणाऱ्या) प्रकारचे असेल, तर कंपनीने दिलेले वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड इथे भरावा, संगणकात नव्हे. डीएचसीपी चालू ठेवावे आणि दोन्ही संगणकांवर पत्ता आपोआप मिळवण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, ते पाहावे. त्याच बैठकीत राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदलावा, कारण तो त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत कोणालाही वाचता येऊ शकतो. वाय-फायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा द्यावी. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतोच, पण तो त्याहून बराच लांब ठेवावा.

जो संगणक एका जागी राहणार आहे, त्याला शक्य असेल तर केबलच द्यावी. कॅट ५ई प्रकारची केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट) वेगाने चालते आणि भिंतींचा तिच्यावर परिणाम होत नाही. केबलच्या टोकाकडे मात्र जवळून लक्ष द्यावे. पारदर्शक प्लगच्या आत आठ रंगीत तारा ओळीने बसवलेल्या दिसतात आणि वरच्या बाजूला प्लास्टिकची एक छोटी जीभ असते. ती पोर्टमध्ये टक् आवाज करून अडकते. जीभ तुटली की प्लग जागेवर दिसतो खरा, पण टेबलाला धक्का लागला तरी पोर्टचा दिवा विझतो. गिगाबिट वेगाला आठही तारा लागतात, तर १०० मेगाबिटला चारच पुरतात. म्हणून त्या चार सोडून दुसरी एखादी तार आत तुटली तर इंटरनेट बहुधा चालू राहते, पण वेग १०० च्या वर जात नाही, आणि दोष कनेक्शनचा आहे असे वाटत राहते.

राउटर नसेल तर

एका संगणकालाच वाटपाचे काम देता येते. विंडोजमध्ये ही सोय १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. त्यासाठी पहिल्या संगणकाला दोन जोडण्या हव्यात: एक इंटरनेटकडची आणि दुसरी दुसऱ्या संगणकाकडची. कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क कनेक्शन्स उघडावे, इंटरनेटकडच्या जोडणीवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज निवडावे आणि शेअरिंग या भागात इतर संगणकांना वापरू देण्याच्या चौकटीत खूण करावी. खूण नेहमी इंटरनेटकडच्या जोडणीवर करायची असते. इथे चूक झाली तर दोन्ही संगणकांचे इंटरनेट बंद पडू शकते. खूण बरोबर झाली की आतल्या जोडणीला हल्लीच्या विंडोजवर १९२.१६८.१३७.१ हा पत्ता मिळतो. मॅकवर अशीच सोय सिस्टिम सेटिंग्जच्या शेअरिंग भागात आहे. विंडोज १० आणि ११ मधला मोबाइल हॉटस्पॉट केबलशिवाय हेच काम करतो.

या पद्धतीत पहिला संगणक बंद झाला किंवा झोपेत गेला की दुसऱ्याचेही इंटरनेट जाते. त्यामुळे ही तात्पुरती व्यवस्था म्हणूनच वापरावी आणि तेवढ्या काळापुरती पहिल्या संगणकाची झोपेची सेटिंग बंद ठेवावी.

चालले नाही तर

दुसऱ्या संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला कोणीही पत्ता दिलेला नाही. केबल, पोर्टचा दिवा आणि राउटरमधले डीएचसीपी याच क्रमाने तपासावे. पत्ता ठीक असेल, तर आधी गेटवेला पिंग करावे (कमांड प्रॉम्प्टमध्ये ping लिहून पुढे पत्ता द्यावा, म्हणजे तिकडून उत्तर येते का ते कळते), मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिल्याकडून उत्तर नसेल तर अडचण बहुधा घरातच आहे, दुसऱ्याकडून नसेल तर राउटरच्या पलीकडे. आकडे चालतात पण नाव चालत नाही, असे असेल तर डीएनएसची (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची) सेटिंग पाहावी.

एक प्रसंग मला फार वेळ घेऊन गेला. पोर्ट कमी पडत होती म्हणून एक जुना राउटर लॅन पोर्टमधून लॅन पोर्टमध्ये जोडला होता. एक संगणक व्यवस्थित चालत होता, दुसऱ्याला पत्ता मिळूनही एकही पान उघडत नव्हते, आणि पुन्हा सुरू केल्यावर कधीकधी उलटे होई. दोन्ही राउटर पत्ते वाटत होते आणि दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ हाच होता. जुन्या राउटरचे डीएचसीपी बंद केले, त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला आणि दोन्ही संगणक लगेच सुरळीत चालू लागले. नुसती पोर्ट वाढवायची असतील तर साधा स्विच घ्यावा, तो पत्ते वाटण्याच्या भानगडीत पडत नाही. पण तो राउटरच्या पुढे, संगणकांच्या बाजूलाच लावावा. थेट मोडेमला लावला, तर एकाच संगणकाला इंटरनेट मिळते.

वेगाबद्दल बोलायचे, तर तो दोन संगणकांत कायमचा अर्धा अर्धा होत नाही. एक स्वस्थ असेल तर दुसऱ्याला पूर्ण वेग मिळतो. १०० मेगाबिटचे कनेक्शन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट, हेही ध्यानात असावे. त्रास बहुधा अपलोडकडून होतो. एका संगणकावरून फोटोंचा बॅकअप चढत असताना दुसऱ्यावरचा व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण घरगुती कनेक्शनचा अपलोड वेग अनेकदा कमी असतो आणि तो पूर्ण भरला की कॉलची माहिती रांगेत अडकते. अशा वेळी बॅकअपच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घालावी, किंवा राउटरमध्ये क्यूओएस (कोणत्या वापराला आधी वाट द्यायची ते ठरवण्याची सोय) असेल तर त्यात कॉल चालणाऱ्या संगणकाला अग्रक्रम द्यावा.