‘एक चमचा’ म्हणजे किती? मुलांच्या तापाच्या औषधात या चुका टाळा

मुलाला ताप आला की घरात पहिला प्रश्न ‘किती चमचे द्यायचे?’ असा विचारला जातो, आणि बहुतेक चुकांचे मूळ या प्रश्नातच असते. पॅरासिटामॉल हे योग्य प्रमाणात दिल्यास लहान मुलांसाठी सुरक्षित औषध आहे. मात्र त्याचा डोस मुलाच्या वजनावरून आणि बाटलीतील औषध किती तीव्र आहे यावरून ठरतो. एका वेळी दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत चार ते सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत जास्तीत जास्त चार डोस, असा सर्वसाधारण हिशेब असतो. आपल्या मुलाचा नेमका डोस डॉक्टरांकडून मिलिग्रॅम आणि मिलिलिटर अशा दोन्ही मापांत लिहून घ्यावा.

बाटली बदलली, पण माप तेच ठेवले

एकाच नावाचे पॅरासिटामॉल दुकानात किमान तीन रूपांत मिळते. पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेले पातळ औषध, पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेले दुप्पट तीव्रतेचे औषध, आणि एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्स. दहा किलो वजनाच्या बाळासाठी १५० मिलिग्रॅमचा डोस धरला, तर १२५ च्या बाटलीतून ६ मिलिलिटर, २५० च्या बाटलीतून ३ मिलिलिटर आणि ड्रॉप्समधून केवळ दीड मिलिलिटर औषध द्यावे लागते.

ड्रॉप्स तान्ह्या बाळांसाठी असतात, म्हणून ते सौम्य असणार, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात या तिन्हींत तेच सर्वांत तीव्र असतात, कारण तान्ह्या बाळाच्या पोटात थोडक्या थेंबांत पुरेसे औषध जावे, अशीच त्यांची रचना असते. घाईत कोणी ड्रॉप्सच्या बाटलीतून ‘नेहमीप्रमाणे एक चमचा’, म्हणजे पाच मिलिलिटर, दिले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची एक पूर्ण गोळी जाते. उलट चूकही घडते. डॉक्टरांनी २५० चे औषध लिहिलेले असते, दुकानात १२५ चे मिळते, माप मात्र तेच राहते. मग निम्म्या डोसाने ताप उतरत नाही आणि ‘हे औषध लागूच पडत नाही’ म्हणून दुसरे, अधिक जालीम औषध मागितले जाते.

स्वयंपाकघरातला चमचा तर मापासाठी वापरूच नये. एका घरातला चमचा तीन मिलिलिटरचा असतो, दुसऱ्या घरातला सात. बाटलीसोबतचे खुणांचे टोपण डोळ्यांच्या पातळीवर धरून औषध ओतावे, किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी. पातळ औषध आधी नीट हलवून घ्यावे. तळाशी बसलेला साका तसाच राहिला, तर सुरुवातीचे डोस फिके आणि शेवटचे जड पडतात.

एकच औषध दोन नावांनी

सर्दीच्या अनेक औषधांत पॅरासिटामॉल असते. आयबुप्रोफेन या तापाच्या दुसऱ्या औषधाबरोबरच्या जोड-औषधातही ते असते. बाजारात सहज मिळणाऱ्या एका जोड-औषधात दर पाच मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि १६२.५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. तोंडाने औषध घेत नाही म्हणून गुदद्वारातून दिलेली वडीही त्याच हिशेबात धरावी लागते. त्यामुळे नावाकडे न पाहता वेष्टनावरचे घटक वाचावेत. आई कामावर गेल्यावर आजी डोस देते आणि संध्याकाळी बाबा पुन्हा देतात, हेही नेहमीचेच. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर वेळ आणि माप लिहिले, की हा गोंधळ होत नाही.

ताप ९८.६ वर आलाच पाहिजे, हा हट्ट

औषधाचा परिणाम दिसायला अर्धा ते एक तास लागतो आणि ताप बहुधा एक-दोन अंशांनीच उतरतो. १०३ चा ताप १०१ वर आला आणि मूल पाणी पिऊन खेळू लागले, तर औषधाने आपले काम केले आहे. शांत झोपलेल्या मुलाला केवळ औषधासाठी उठवू नये. बर्फाच्या पाण्याने किंवा कोलनवॉटरने अंग पुसू नये. त्याने हुडहुडी भरते आणि आतला ताप उलट वाढू शकतो. पॅरासिटामॉल वेळेवर दिले म्हणून तापातली झटकेरूपी आकडी टळते, असेही नाही.

‘जालीम’ औषधांचा मोह

आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नयेत, पावसाळ्यात तर नाहीच. डेंग्यूत रक्तातील प्लेटलेट्स घटलेल्या असतात आणि या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो; तापाच्या पहिल्या दोन दिवसांत तो डेंग्यू आहे की नाही, हे घरी कळत नाही. उलट्या-जुलाबांनी मुलाच्या अंगातले पाणी कमी झाले असेल, तर आयबुप्रोफेनने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे, पण जुनी बाटली कपाटात सापडली तर ती फेकूनच द्यावी. ॲस्पिरिनही मुलांना देऊ नये, कारण फ्लू किंवा कांजिण्यांत त्याने यकृत व मेंदूला घातक असा ‘राय सिंड्रोम’ होऊ शकतो.

तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर घरी औषध देत वाट पाहू नये. थेट डॉक्टरांकडे न्यावे. लसीकरणानंतरच्या तापासाठी परिचारिकेने सांगितलेला डोसही बाळाच्या वजनाशी ताडूनच द्यावा.

डोस जास्त गेल्याचे लक्षात आले, तर मूल ठीक दिसते म्हणून थांबू नये. पॅरासिटामॉलने यकृताला होणारी इजा पहिल्या दिवशी बहुधा दिसत नाही. तिच्यावरचा उतारा ॲसिटिलसिस्टीन आठ तासांच्या आत दिल्यास सर्वाधिक उपयोगी ठरतो. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर सल्ला देते. तोवर रुग्णालयाकडे निघावे, आणि बाटली, टोपण व तो फ्रिजवरचा कागद सोबत न्यावा.