मध्यम जोखमीचा प्रोस्टेट कर्करोग : उपचार ठरवण्यापूर्वी

कर्करोगाचे निदान झाले की ‘लगेच ऑपरेशन उरकून टाका’ असा धोशा घरात सुरू होतो. मध्यम जोखमीच्या प्रोस्टेट कर्करोगात विचारासाठी काही आठवडे घेतले, तर सहसा नुकसान होत नाही.

प्रथम बायॉप्सीचा अहवाल नीट वाचावा. ग्लिसन बेरीज (सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशींची रचना किती बिघडलेली दिसते, याच्या दोन आकड्यांची बेरीज) ७ असली, तरी ३+४ आणि ४+३ यांत मोठा फरक आहे, कारण पहिला आकडा अधिक प्रमाणात आढळलेल्या रचनेचा असतो, आणि ४ ही ३ पेक्षा अधिक आक्रमक रचना. ३+४, बायॉप्सीत काढलेल्या तुकड्यांपैकी निम्म्याहून कमी तुकड्यांत कर्करोग आणि पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाची रक्तातली पातळी, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये) १० च्या आत, असे असेल तर आजार सहसा अनुकूल गटात मोडतो. ४+३ असेल, निम्मे किंवा अधिक तुकडे बाधित असतील, किंवा पीएसए १० ते २० असण्यासारखा आणखी एखादा घटक जोडीला असेल, तर प्रतिकूल गटात. पुढचा सारा निर्णय या फरकावर उभा असल्याने, स्लाइड आणि ब्लॉक (बायॉप्सीच्या तुकड्यांच्या काचपट्ट्या आणि मेणात जतन केलेले तुकडे) मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवणे मला आवश्यक वाटते.

अनुकूल गटातल्या निवडक रुग्णांना सक्रिय देखरेखीचा, म्हणजे लगेच उपचार न करता नियमित तपासण्यांनी आजारावर लक्ष ठेवण्याचा, पर्याय असतो. ब्रिटनमधील प्रोटेक्ट चाचणीत १,६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार देण्यात आले; १५ वर्षांत या कर्करोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच राहिले, मात्र आजार इतरत्र पसरण्याचे प्रमाण देखरेखीच्या गटात सुमारे ९ टक्के, तर उरलेल्या दोहोंत सुमारे ५ टक्के होते. त्यांतील बहुतेकांचा आजार कमी जोखमीचा असल्याने प्रतिकूल गटातल्या रुग्णाने या आकड्यांवर विसंबू नये.

शस्त्रक्रिया की किरणोपचार, हे ठरवताना दुष्परिणाम तोलावे लागतात. शस्त्रक्रियेनंतर खोकताना, उठताना लघवी गळते. बहुतेकांची गळती काही महिन्यांत कमी होते, काहींना पॅड कायम लागतो. किरणोपचारांत शौचाच्या तक्रारी व लघवीची जळजळ अधिक, आणि प्रतिकूल गटात जोडीला साधारण चार ते सहा महिने हार्मोन उपचार (पुरुषी हार्मोन दाबणारे) असतात, जे मधुमेह, हृदयविकार किंवा ठिसूळ हाडे असलेल्यांना जड जाऊ शकतात. लघवीची धार आधीच अडत असेल, तर शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. शस्त्रक्रियेनंतर पीएसए वाढला तर किरणोपचार देता येतात. उलट क्रम अवघड असतो. गावाहून येणाऱ्याने किरणोपचारांच्या बैठका वीस की पाच, हेही विचारावे, कारण शहरातला मुक्काम त्यावर ठरतो.

युरोलॉजिस्ट (शस्त्रक्रिया करणारे) आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट (किरणोपचार देणारे) या दोघांनाही भेटल्याखेरीज होकार देऊ नये. लैंगिक क्षमतेवर दोन्ही उपचारांचा परिणाम होतो, पण मुलगा किंवा सून शेजारी बसलेली असताना हा प्रश्न तोंडातून निघत नाही; म्हणून डॉक्टरांकडे पाच मिनिटे एकट्याने, किंवा पत्नीसह, बोलण्याची वेळ आधीच मागून घ्यावी.