कॅपमध्ये टीम बसवताय? एनएचएलचे जीएम जिथे फसले त्या या चुका टाळा

आयपीएल बघत मोठे झालेल्या आपल्या लोकांना सॅलरी कॅप म्हटलं की ऑक्शनची पर्स आठवते, इतके कोटी आहेत, इतके खेळाडू घ्या, आणि मेगा ऑक्शन आलं की पाटी परत कोरी. एनएचएलमध्ये (बर्फावरची हॉकी हो, आपली टर्फवरची नाही) पाटी कधीच कोरी होत नाही. २०१२ मध्ये केलेली सही २०२९ पर्यंत हिशोबात दिसू शकते, आणि ही थट्टा नाहीये, खाली उदाहरण आहे.

इकडे कॅनडा-अमेरिकेत आलेले आपले बरेच जण आता हॉकी बघायला लागलेत, कॅपवाली फँटसी लीग खेळतात, नाहीतर गेममध्ये जीएम (जनरल मॅनेजर, टीम बांधणारा आणि करार करणारा माणूस) मोड लावून बसतात आणि मग "अरे टीम तर भारी आहे पण पैसेच उरत नाहीत" म्हणून डोकं धरतात. खऱ्या जीएम लोकांचंही तसंच होतं, फक्त त्यांची नोकरी जाते.

नियम पटकन सांगतो. २००४-०५ चा अख्खा सीझन लॉकआउटमध्ये (मालक-खेळाडूंच्या वादातली टाळेबंदी) वाया गेला आणि त्यानंतर कॅप आला, पहिल्या वर्षी ३९ मिलियन डॉलर. २०२५-२६ ला तो ९५.५ मिलियन आहे. बास्केटबॉलसारखं दंड भरून वर जाता येत नाही, हा पक्का कॅप आहे. खेळाडूचा कॅप हिट म्हणजे एकूण पैसे भागिले वर्षं, मग त्याला प्रत्यक्षात कुठल्या वर्षी किती मिळतात ते काही का असेना. रोस्टरवर जास्तीत जास्त २३ जण.

चूक १: सगळा दोष स्टारच्या माथी मारणे

हे सगळ्यात कॉमन. टीम अडकली की सगळे म्हणतात त्या दोघांना एवढे पैसे द्यायला नको होते. शिकागोचं बघा, पॅट्रिक केन आणि जोनाथन टेव्स, दोघांना प्रत्येकी १०.५ मिलियन, २०१५-१६ पासून, तेव्हा कॅप ७१.४ होता, म्हणजे दोन माणसांत जवळजवळ २९ टक्के गेले. बापरे वाटतं ना? पण त्या टीममधून चांगली पोरं नेमकी कशी गेली ते जरा खोलात बघा. २०१३ च्या प्लेऑफमध्ये ब्रायन बिकेल नावाच्या फॉरवर्डने २३ मॅचमध्ये १७ पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) मारले, कप (लीगची ट्रॉफी) आला, आणि खुशीत त्याला ४ वर्षांचे १६ मिलियन देऊन टाकले. नंतर तो तसा खेळलाच नाही आणि २०१६ मध्ये ते वर्षाचे ४ मिलियन डोक्यावरून उतरवायला शिकागोला सोबत काहीतरी गोड द्यावं लागलं, ते गोड म्हणजे २१ वर्षांचा ट्युवो टेराव्हायनन. दोघंही कॅरोलिनाला गेले. टेराव्हायनन तिकडे आठ सीझन खेळला आणि मग २०२४ मध्ये शिकागोनेच त्याला पैसे मोजून परत आणला!

टोरोंटोची तर त्याहून गंमत. मॅथ्यूज, मार्नर, टव्हारेस, निलॅन्डर या चौघांच्या नावाने इथे रोज रडारड चालायची, बसमध्ये, ऑफिसात, देवळातल्या महाप्रसादाच्या लाइनीतसुद्धा. पण २०१७ मध्ये ३७ वर्षांच्या पॅट्रिक मार्लोला ३ वर्षं दर वर्षी ६.२५ मिलियन दिले होते ते कोणाच्या लक्षात नाही. पस्तिशीनंतर केलेल्या त्या करारामुळे बायआउट करूनही (उरलेल्या पगाराचा काही भाग देऊन करार मोडूनही) कॅप सुटत नव्हता, म्हणून २०१९ मध्ये शेवटचं एक वर्ष राहिलेलं असताना तो करार कॅरोलिनाच्या गळ्यात घालायला पहिल्या राउंडचा पिक (ड्राफ्टमध्ये नवी तरुण पोरं निवडायचा नंबर) सोबत द्यावा लागला. तो पिक २०२० ला १३ वा निघाला आणि कॅरोलिनाने त्यावर सेथ जार्विस घेतला. (हो, परत कॅरोलिना. दुसऱ्याच्या अडचणीत दुकान कसं लावायचं ते त्यांच्याकडून शिकावं.)

माझं म्हणणं एवढंच आहे की १० मिलियनवाला माणूस निदान १० मिलियनचं काम करतो, खड्डा पडतो तो ३ ते ६ मिलियनवाल्या मधल्या थरात, तिशीकडे झुकलेला, "अनुभवी" म्हणून घेतलेला, चार वर्षांची गॅरंटी दिलेला. तुमच्या यादीत असे किती आहेत ते आधी मोजा, स्टारला विकायचं नंतर बघू.

चूक २: गेल्या वर्षीच्या गोलचे पैसे पुढची आठ वर्षं भरणे

जेफ स्किनरने २०१८-१९ ला बफेलोसाठी ४० गोल मारले आणि लगेच ८ वर्षांचे ७२ मिलियन घेतले. पुढच्या सीझनला १४ गोल, त्याच्या पुढच्या छोट्या सीझनला ७. जोनाथन ह्युबर्डोने फ्लोरिडासाठी २०२१-२२ ला ११५ पॉइंट केले, कॅलगरीने ट्रेडमध्ये घेऊन एक मॅच खेळायच्या आधीच ८ वर्षांचे ८४ मिलियन दिले, आणि कॅलगरीतल्या पहिल्या वर्षी ५५ पॉइंट. खेळाडूचा यात काय दोष, समोरून कागद आला तर कोण नाही म्हणेल. करिअरमधलं सगळ्यात भारी वर्ष संपल्या संपल्या सही करायची म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी झेंडूची फुलं घ्यायला जाण्यासारखं आहे, भाव तेव्हाच वर असतो.

चूक ३: आपली तरुण पोरं "कुठे जाणारेत" म्हणून शेवटी ठेवणे

ही माझ्या मते सगळ्यात महाग चूक आणि यावर जरा थांबतो.

२०२४ ची फायनल एडमंटन सातव्या मॅचला हरली. १ जुलैला बाजार उघडला आणि एडमंटनने जेफ स्किनर (हो तोच, बफेलोने आदल्याच दिवशी बायआउट केलेला) ३ मिलियनला, व्हिक्टर आर्व्हिडसन ४ मिलियनला, अशी खरेदी केली, सगळीकडे वाहवा झाली. आणि या गडबडीत फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे, दोघं स्वतःच्या पहिल्या राउंडचे पिक, यांचे करार राहून गेले. दोघंही रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट, म्हणजे दुसरी टीम ऑफर शीट देऊ शकते आणि जुन्या टीमला ती सात दिवसांत मॅच करायचा हक्क असतो. ऑफर शीट क्वचितच येते म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये सेंट लुईसने एकाच दिवशी दोघांना ऑफर शीट दिली, ब्रोबर्गला वर्षाला साधारण ४.५८ मिलियन, हॉलोवेला २.२९. हे आकडे हवेतून नाही काढलेले. ऑफर शीटच्या रकमेवर किती पिक द्यायचे ते ठरलेलं असतं, आणि हे दोन्ही आकडे आपापल्या पायरीचं अगदी वरचं टोक, एक डॉलर वाढला असता तर भरपाई वाढली असती. भरपाई फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडचा पिक. त्यात भरपाईला स्वतःचेच पिक लागतात, म्हणून सेंट लुईसने आधी स्वतःचा गेलेला दुसऱ्या राउंडचा पिक पिट्सबर्गकडून परत मिळवला, मग डाव टाकला. एडमंटनकडे जागाच नव्हती, दोघंही गेले. हॉलोवेने पुढच्या सीझनला ६३ पॉइंट केले. आर्व्हिडसनला एडमंटनने वर्षभरात पाचव्या राउंडच्या पिकवर बॉस्टनला देऊन टाकला.

म्हणजे इथेही तेच, मधल्या थरातली खरेदी आधी आणि घरची पोरं नंतर. क्रम उलटा करा, आधी घरचे करार, मग उरलेल्यात बाजार.

चूक ४: बायआउट म्हणजे सुटका समजणे

बायआउटचं गणित असं, २६ किंवा त्याहून मोठ्या खेळाडूला उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश द्यायचे (लहान असेल तर एक तृतीयांश) आणि ते उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत पसरवायचे. स्किनरची तीन वर्षं उरली होती, बफेलोच्या हिशोबात तो सहा वर्षं राहणार. आणि सायनिंग बोनस बायआउटने कमी होतच नाही, त्यामुळे एजंट लोक मुद्दाम पगार कमी आणि बोनस जास्त लिहून घेतात, सही करताना हे वाचा.

मोठं उदाहरण मिनेसोटा. ४ जुलै २०१२ ला झॅक परीसे आणि रायन सूटर, दोघांना प्रत्येकी १३ वर्षांचे ९८ मिलियन, त्याच वर्षीच्या लॉकआउटनंतर इतके लांब करार बंदच झाले. २०२१ मध्ये दोघांनाही एकत्र बायआउट केलं. पहिल्या वर्षी पावणेपाच मिलियन, चालून गेलं. मग २०२२-२३ ला १२.७ च्या वर, आणि पुढची दोन वर्षं १४.७ मिलियन, जे खेळाडू टीममध्ये नाहीतच त्यांच्यासाठी! त्यानंतर २०२८-२९ पर्यंत साधारण १.७ राहतातच. मी सुरुवातीला म्हटलेलं उदाहरण हेच.

तरी मी बायआउट कधीच नको असं म्हणणार नाही. मिनेसोटाला माहीत होतं कुठली दोन वर्षं वाईट जाणार आणि त्यांनी त्याप्रमाणे स्वस्त तरुण पोरांवर ती काढली. चूक ही की पहिल्या वर्षाचा आकडा बघून खुश व्हायचं आणि तिसऱ्या वर्षाची लाइन वाचायचीच नाही.

चूक ५: इंजुरी लिस्टला लॉटरी समजणे

एलटीआयआर, म्हणजे लाँग टर्म इंजर्ड रिझर्व्ह, खेळाडू दुखापतीने लांबच्या मुदतीसाठी बाहेर गेला की त्याच्या बदलीसाठी कॅपच्या वर जाता येतं. २०२०-२१ ला टॅम्पाचा निकिता कुचेरोव्ह हिपच्या सर्जरीमुळे सगळा रेग्युलर सीझन बाहेर होता, प्लेऑफला आला, ३२ पॉइंट केले आणि कप नेला, तेव्हापासून सगळ्यांना वाटतं हा चोरदरवाजा आहे. दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, २०२५-२६ पासून प्लेऑफमध्येही त्या मॅचला उतरणाऱ्या टीमला कॅप लागू आहे, दरवाजा बंद. दुसरी जास्त महत्त्वाची, आणि हीच बहुतेकांना कळत नाही. कॅप रोजच्या रोज मोजला जातो, त्यामुळे ऑक्टोबरपासून १ मिलियनची जागा मोकळी ठेवली तर मार्चच्या ट्रेड डेडलाइनला चारेक मिलियनचा खेळाडू बसतो. पण एलटीआयआर वापरत असलात तर ही बचत साठतच नाही. वर तरुण खेळाडूंचे परफॉर्मन्स बोनस बसायला जागा नसेल तर ते पुढच्या वर्षीच्या कॅपमधून कापले जातात.

आणि अगदी काठोकाठ भरलेल्या टीमचं काय होतं ते न्यू जर्सीने ऑक्टोबर २०१० मध्ये पिट्सबर्गविरुद्ध दाखवलं, दुखापती झाल्या, बदली बोलवायला पैसे नाहीत, १८ ऐवजी १५ स्केटर घेऊन उतरले. मे २०२१ ला व्हेगासवरही तीच पाळी आली.

चूक ६: कागद न वाचणे

हसू येईल पण होतं. शिकागोच्या क्वालिफायिंग ऑफर (तरुण खेळाडूवरचा हक्क टिकवायला पाठवायची ऑफर) २००९ मध्ये वेळेत पोचल्या नाहीत, तरुण पोरं फुकटात मोकळी होऊ नयेत म्हणून क्रिस व्हर्स्टीग, कॅम बार्कर यांना वाढीव पैसे द्यावे लागले, त्याच उन्हाळ्यात जीएम डेल टॅलन यांची खुर्ची गेली, आणि २०१० ला कप जिंकल्यावर कॅपसाठी जे विकावे लागले त्यात व्हर्स्टीगही होता. मार्च २०२२ ला व्हेगासने येवगेनी दादोनोव्हला अॅनाहाइमला ट्रेड केला आणि मग कळलं की त्याच्या नो-ट्रेड लिस्टमध्ये (जिथे जायला तो नकार देऊ शकतो त्या टीम) अॅनाहाइम आहे, लीगने ट्रेडच रद्द केला. कॅलगरीने २०१३ ला रायन ओ'रायलीला ऑफर शीट दिली, पण तो एनएचएल सीझन सुरू झाल्यावरही रशियात खेळलेला होता, म्हणजे आधी वेव्हर्समधून (जिथे बाकीच्या टीम खेळाडूवर हक्क सांगू शकतात) जावं लागलं असतं आणि वाटेत दुसऱ्या कोणी उचलला असता. कोलोरॅडोने मॅच केलं म्हणून कॅलगरीचे पिकही वाचले आणि अब्रूही.

आधीच अडकलाय? मग या क्रमाने बघा

सगळ्यात आधी, ज्याला अजून गिऱ्हाईक आहे त्याला विका, भले फुकटात. व्हेगासने २०२२ च्या जुलैत ७ मिलियनचा मॅक्स पॅचिओरेटी कॅरोलिनाला जवळपास काहीही न घेता दिला, लोक हसले, पुढच्या जूनला व्हेगासने कप उचलला. नाहीच जमलं तर पगार रिटेन करून ट्रेड, ५० टक्क्यांपर्यंत आपल्याकडे ठेवता येतो, पण एका वेळी तीनच असे करार चालतात, म्हणून किरकोळ माणसावर ती जागा घालवू नका. मायनरमध्ये (खालच्या लीगमध्ये) पाठवून सगळा पगार लपत नाही, २०२४-२५ ला जास्तीत जास्त १.१५ मिलियन सुटायचे, ५ मिलियनवाल्याचे उरलेले तुमच्याच डोक्यावर. पिक लावून खपवणं त्यानंतर, आणि बायआउट सगळ्यात शेवटी.

आता कॅप भराभर वाढतोय, २०२६-२७ ला १०४ मिलियन, त्याच्या पुढे ११३.५ ठरलाय, म्हणून सगळे निवांत झालेत. मिनेसोटाने किरिल काप्रिझोव्हला ८ वर्षांचे १३६ मिलियन दिले, वर्षाला १७, आणि परत लोक ओरडतायत. १०४ मधले १७ म्हणजे १६ टक्क्यांच्या आसपास, ७१.४ मधल्या केनच्या १०.५ पेक्षा थोडंसंच जास्त, मला त्यात काही वावगं दिसत नाही. मी बघतोय ते मधल्या थराकडे, जिथे कालचे ४ मिलियनवाले आता ६-७ मागतायत आणि "कॅप वाढतोय ना" म्हणून ते मिळतायतही. सप्टेंबर २०२६ पासून नव्या करारांची मुदत स्वतःच्या खेळाडूला सात आणि बाहेरच्याला सहा वर्षांवर येतेय, त्यामुळे त्याआधी आठव्या वर्षाची घाई होणार. तुमच्या लीगमध्ये कोणी असा ३० वर्षांचा विंगर आठ वर्षांच्या करारासकट तुमच्या गळ्यात मारायला आला तर सोबत पहिल्या राउंडचा पिक मागा.