गोकर्णची किनारवाट : बेळगावकरांनी कशी चालावी

खानापूरची जंगलं, राजहंसगड, पारगड पायाखाली घातलेल्यांना गोकर्णच्या टेकड्या किरकोळ वाटतात. चढ तसा किरकोळच आहे. दमवतो तो दमट उकाडा, आणि अडवते ती भरती.

बेळगावहून यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला असं गोकर्ण गाठायला पाच-सहा तास लागतात. म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात ही वाट नकोच.

बहुतेक जण गोकर्णहून दक्षिणेकडे निघतात आणि भर दुपारी दक्षिणेकडच्या पॅराडाइज किनाऱ्यावर अडकतात. तिथून होडीवाला सांगेल तो दर. उलटं चाला. सकाळी रिक्षाने बेलेकान गाठा आणि साडेसातला पॅराडाइज, हाफ मून, ओम, कुडले या किनाऱ्यांच्या क्रमाने गोकर्णकडे निघा. समुद्र कायम डाव्या हाताला. ऊन टेकडीमागून येतं, त्यामुळे सुरुवातीचा पट्टा सावलीत निघतो, आणि चाल संपते तिथे जेवण, बस, खोली सगळं असतं. अंतर सात-आठ किलोमीटर, निव्वळ चाल तीन तासांची.

पॅराडाइज ते हाफ मूनमध्ये काही ठिकाणी पाण्यालगतच्या खडकांवरून जावं लागतं. तिथे ओहोटी हवी. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारला भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी, पावणेअकराच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. तासभर मागेपुढे धरा. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. चतुर्थी ते सप्तमी हे दिवस सकाळच्या चालीला सोयीचे, कारण साडेआठला पाणी उतरत असतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं आणि सकाळभर पाणी चढत जातं. त्या दिवसांत खडकांचा नाद सोडून वरची पायवाट धरा. निघण्यापूर्वी भरतीचा तक्ता मोबाइलवर बघाच, आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

घसरण्याच्या जागा दोन. एक, हाफ मूनच्या दोन्ही बाजूंचा उतार : जांभ्याची सुटी बारीक खडी बुटाखाली मण्यांसारखी फिरते. पाय आडवा टाका, पावलं आखूड ठेवा, मागे रेलू नका. दुसरी, लाटांनी ओले राहणारे खडक. काळा कोरडा दगड पाय धरतो, हिरवट ओला धरत नाही. आणि त्यावरची कालवं तळवा ब्लेडसारखी कापतात. तेव्हा चपला नकोत, खोल नक्षीचे बूट हवेत. फोटोसाठी खडकाच्या टोकावर जाऊन पाठ समुद्राकडे करणं तर अजिबात नको.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, तिथल्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग थंड होतं. इथे तो वाळतच नाही, नुसता गळतो. एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ढवळून एक बाटली वेगळी भरा, चमचा चहाचा. डोकं जड झालं, मळमळलं की सावली शोधा आणि घोट घोट प्या. जेवणाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दह्यातलं काही नको, उन्हात आंबतं.

ओमला साडेदहापर्यंत पोचलात की साडेतीनपर्यंत तिथेच सावलीत पडून राहा. किनाऱ्यावर उतरण्याआधी वरूनच एकदा बघून घ्या. दोन अर्धवर्तुळांनी झालेला ॐचा आकार खाली गेल्यावर दिसत नाही. पोहायचं असेल तर कमरेएवढ्या पाण्यातच. ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा.

कुडले पुढे अर्ध्या तासावर. डिसेंबरात सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो आणि कुडलेहून गोकर्णात उतरायला अजून अर्धा तास लागतो, म्हणून बॅटरी जवळ असू द्या. गोकर्णच्या महाबळेश्वर देवळातलं दर्शन त्याच दिवशी उरकायचं असेल तर पिशवीत धोतर किंवा पंचा वेगळा बांधून घ्या. पुरुषांना शर्ट-पँटवर गाभाऱ्याकडे सोडत नाहीत.