आलेख सपाट, काट्यावर रांग: सर्व्हर मॉनिटरिंगचे ग्राफ लावताना या चुका टाळा

गळीत हंगाम सुरू झाला की चिक्कोडी-निपाणी पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टरांशिवाय रस्ता दिसत नाही. तिथल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा सर्व्हर माझ्याकडे देखभालीला होता. एके दिवशी सकाळी काट्यावरच्या ऑपरेटरचा फोन आला. "सर, पावतीच येईनाशी झालीय. मागं लाईन लागलीय बघा." मी बेळगावच्या टिळकवाडीत बसून ग्राफाना (सर्व्हरच्या आकड्यांचे आलेख दाखवणारा प्रोग्राम) उघडलं आणि गेल्या सात दिवसांचा लोडचा, म्हणजे सर्व्हरवरच्या कामाच्या ताणाचा आलेख बघितला. रेघ सपाट होती. "सर्व्हर ठीक आहे की, प्रिंटर काढून परत जोडा," असं सांगून मी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः काट्याच्या खोलीत जाऊन बसलो, तेव्हा खरं काय ते कळलं. दर अर्ध्या तासाला बॅकअप सुरू व्हायचा, दोन मिनिटं डिस्क गुदमरायची आणि तेवढा वेळ पावती अडकायची. प्रिंटरचा यात काडीचाही संबंध नव्हता. सर्व्हर दर अर्ध्या तासाला अडकत होता आणि माझा आलेख ते दाखवत नव्हता.

हे का झालं ते नीट समजून घ्या, कारण ही चूक मला सर्वांत जास्त डॅशबोर्डांवर (आलेखांच्या पानांवर) दिसते. सात दिवस म्हणजे ६,०४,८०० सेकंद. पॅनल (पानावरचा एक आलेख) हजारेक पिक्सेल रुंद असेल तर ग्राफाना दर दहा मिनिटांना एक बिंदू मागतं. सर्व्हरचे आकडे गोळा करून साठवणारा प्रोग्राम म्हणजे प्रोमिथियस. तो त्या दहा मिनिटांची सरासरी काढून देतो, असं पुष्कळांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. पण साधी क्वेरी असेल तर प्रोमिथियस त्या क्षणाच्या आधीचा शेवटचा नमुना (नोंदलेला आकडा) उचलतं आणि मधले सगळे सोडून देतं. आमचा बॅकअप बरोबर सहाला, साडेसहाला सुरू व्हायचा. सहाच्या बिंदूला लोड अजून चढलेला नसायचा आणि सहा-दहाच्या बिंदूपर्यंत उतरलेला असायचा. शिखर प्रत्येक वेळी दोन बिंदूंच्या मधेच राहिलं.

उपाय सोपा आहे. लोड, डिस्कची रांग, मेमरी अशा वर-खाली होणाऱ्या आकड्यांवर 'मॅक्स ओव्हर टाइम' हे फंक्शन लावा आणि त्याची खिडकी (किती वेळाचे नमुने बघायचे ते) म्हणून ग्राफानाचं इंटरव्हल व्हेरिएबल (दोन बिंदूंमधलं अंतर) द्या. मग प्रत्येक बिंदू त्या दहा मिनिटांतला सर्वांत मोठा नमुना दाखवतो. शेजारी सरासरीची फिकट रेघ ठेवा. दोन रेघांमधलं अंतर वाढलं की समजायचं, थोड्या वेळासाठी काहीतरी जोरात चाललंय. नुसत्या सरासरीवर मात्र विसंबू नका. शेतकरी काट्यावर सरासरी वेळ थांबत नाही, तो त्या दोन मिनिटांत अडकतो.

दुसरी तक्रार नेहमीची: "नेटवरून डॅशबोर्ड उतरवला, पण निम्म्या पॅनलवर नो डेटा येतंय." इथे आधी स्क्रेपचं अंतर, म्हणजे प्रोमिथियस किती वेळाने एकदा आकडा वाचतं ते बघा. प्रोमिथियसचं मूळ अंतर १ मिनिट असतं, सोबत येणाऱ्या उदाहरणादाखलच्या सेटिंग फाइलमध्ये १५ सेकंद. उतरवलेल्या डॅशबोर्डात 'रेट'ची (वाढत जाणारा आकडा, म्हणजे काउंटर, सेकंदाला किती वाढला ते काढणाऱ्या फंक्शनची) खिडकी बऱ्याचदा १ मिनिटाची असते आणि तुमचा नमुनाही मिनिटाला एकच येतो. रेट काढायला खिडकीत किमान दोन नमुने लागतात, म्हणून पॅनल रिकामं. खिडकी हाताने लिहूच नका, ग्राफानाचं 'रेट इंटरव्हल' व्हेरिएबल वापरा. ते स्क्रेपच्या अंतराच्या किमान चौपट खिडकी घेतं. पण डेटा सोर्सच्या (ग्राफानाला प्रोमिथियस जोडतो तिथल्या) सेटिंगमध्ये तुमचं खरं अंतर लिहिलेलं पाहिजे. ती जागा रिकामी सोडलीत तर ग्राफाना १५ सेकंद धरून चालतं आणि तुम्ही होतात तिथेच राहता.

रेटबद्दल अजून एक. चार सर्व्हरांची बेरीज हवी असेल तर आधी प्रत्येकाचा रेट काढा, मग बेरीज करा. उलट केलंत आणि एक सर्व्हर रीस्टार्ट झाला, तर बेरीज एकदम घसरते. प्रोमिथियसला वाटतं काउंटर शून्यापासून सुरू झाला, आणि आलेखावर कधीच न घडलेला डोंगर उभा राहतो.

उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत मी नेटवर्कचा आलेख बघितला होता. मालक म्हणाले, "लाईन शंभरची घेतलीय, बारासुद्धा मिळेना." आलेखाची रेघ १२ च्या आसपास होती, पण ती मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट, तेव्हा १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट, म्हणजे लाईन पुरेपूर भरलेली होती. मुळातल्या आकड्याला ८ ने गुणा आणि पॅनलचं एकक बिट प्रति सेकंद ठेवा. स्विचवरून एसएनएमपीने (नेटवर्क उपकरणांचे आकडे वाचायच्या पद्धतीने) मोजत असाल तर जुना ३२ बिटांचा काउंटर टाळा. १०० मेगाबिटच्या वेगाला तो पावणेसहा मिनिटांत आणि १ गिगाबिटला ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो. पाच मिनिटांनी एकदा वाचलात तर गिगाबिटचे आकडे निरर्थक ठरतात. ६४ बिटांचा काउंटर घ्या.

मेमरीचं थोडक्यात: 'फ्री' बघून घाबरू नका. लिनक्स रिकामी मेमरी फाइल कॅशला (वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला) वापरतं आणि गरज पडली की सोडतं. 'अव्हेलेबल' हा आकडा लावा.

खानापूरकडच्या पावसात फायबर तुटणं आम्हाला नवं नाही. एका पतसंस्थेच्या शाखेचा आलेख दिवसभर अखंड दिसत होता आणि शाखा मात्र दुपारपासून बंद. पॅनलमध्ये 'कनेक्ट नल व्हॅल्यूज' (रिकाम्या जागा जोडा) कायम चालू ठेवलेलं होतं, त्यामुळे लाईन परत आल्यावर मधली दरी सरळ रेघेने बुजली. दरी तशीच दिसू द्या. तिचा अर्थ सर्व्हर बंद होता असाही नाही, फक्त आपल्यापर्यंत माहिती आली नाही एवढाच. ती माहिती हवीच असेल तर शाखेतच छोटं प्रोमिथियस बसवा आणि रिमोट राइट या त्याच्याच सोयीने नमुने मुख्य ठिकाणी पाठवा. लाईन साधारण दोन तासांच्या आत आली तर साठलेले नमुने मागाहून पोचतात.

वेळेची गडबड शेवटी सांगतो, कारण तीही काट्यावरचीच. तिथल्या टीव्हीला जोडलेल्या छोट्या संगणकाचं घड्याळ यूटीसीवर (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) होतं आणि ग्राफाना ब्राउझरची वेळ धरतं. सकाळी ६ ची शिफ्टबदल आलेखावर रात्री साडेबाराला दिसायची. डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता पक्कं करून टाका. प्रोमिथियसऐवजी इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसमध्ये दिवसागणिक बेरीज करत असाल तर क्वेरीतही टाइमझोन द्या, नाहीतर तुमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो.

आता नवं पॅनल लावलं की मी मुद्दाम एक मोठी फाइल दोन मिनिटं कॉपी करत ठेवतो आणि सात दिवसांच्या आलेखावर ते शिखर दिसतं का बघतो. काट्याच्या पॅनलवर ते पहिल्यांदा उमटलं, तेव्हा ऑपरेटरला फोन लावला आणि तीन दिवस प्रिंटर काढायला-जोडायला लावल्याबद्दल त्याची माफी मागितली. बॅकअप आता वेगळ्या डिस्कवर जातो.