पेम्फिगस: फोड सुकले तरी गोळी थांबवायची नाही

तोंड आलंय म्हणून महिनाभर बी-कॉम्प्लेक्स चालू, तरी गालाच्या आतली सालपटं निघतच आहेत. त्यात छाती-पाठीवर पाण्याचे सैल फोड उठले की घरात कुणीतरी ‘नागीण’ म्हणतंच, आणि मंत्र टाकायला न्यायची तयारी होते. नागीण अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्याने उठते आणि साधारण 3-4 आठवड्यांत आटोपते. पेम्फिगस व्हल्गॅरिस हा फोडांचा आजार मात्र दोन्ही बाजूंना उठतो, फुटलेली जागा लवकर भरत नाही आणि बहुतेकांना सुरुवात तोंडातूनच होते. 3 आठवडे न भरलेलं तोंड त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावंच.

त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं डेस्मोग्लीन नावाचं प्रथिन असतं. आपलीच प्रतिकारशक्ती त्यावर उलटते आणि वरचा थर सुटा होतो. हा रोग संसर्गजन्य नाही. ताट-वाटी वेगळी मांडू नका.

निदानासाठी बायोप्सीचे दोन तुकडे लागतात. एक ताज्या फोडाचा, फॉर्मेलिनमध्ये. दुसरा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे त्वचेवर उलटलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी. हा दुसरा चुकून फॉर्मेलिनमध्ये गेला की वाया गेला. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा किंवा खासगीत, दोन्ही नमुने कशात जाणार आहेत हे आधी विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही.

उपचाराचा कणा म्हणजे प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी, सकाळी नाश्त्यानंतर. जोडीला अनेकदा रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध: 1 ग्रॅमची सलाईन, 15 दिवसांनी पुन्हा 1 ग्रॅम. त्याआधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे, कारण दबून बसलेला आजार या औषधाने उसळू शकतो. खर्चाचं काय, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेची मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारा. योजनेत बसतंय का ते तिथेच कळेल.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. फोड सुकले, गोळीने चेहरा सुजला, शेजारी म्हणाले ‘स्टिरॉइड वाईट’, आणि गोळी एका दिवसात बंद! बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवायचं थांबवतं. अचानक बंद केलं तर उलट्या, गळाठा, रक्तदाब घसरणं, जिवावरही बेतू शकतं. शिवाय फोड परततात ते वेगळंच. डोस डॉक्टरच आठवड्यांच्या हिशेबाने उतरवतील. तोवर साखर आणि रक्तदाब मोजत राहा, हाडांसाठी कॅल्शियम-ड जीवनसत्त्व चालू ठेवा, लोणचं-पापड कमी करा.

मोठा, ताणलेला फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, पण वरची साल ओढू नका. तीच जखमेचं झाकण आहे. ओलसर जागेसाठी पोटॅशियम परमँगनेटची 400 मिलिग्रॅमची एक गोळी 4 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. रंग फिकट गुलाबी हवा. गडद जांभळा झाला तर त्वचा भाजते. त्यात भिजवलेला गॉज 10-15 मिनिटं ठेवा, मग व्हॅसलीन गॉज लावा. कोरडा कापूस चिकटतो आणि काढताना नवी कातडीही घेऊन येतो. रुग्णालयांत निर्जंतुक केलेली केळीची पानं वापरतात, ती चिकटत नाहीत. हळद, शेण, झाडपाल्याचा लेप मात्र नको. जुलैच्या पावसात कपडे नीट वाळत नाहीत, तेव्हा सुती कपडे इस्त्री करूनच घाला. दमट कपड्यात बुरशी धरते. नवी करकरीत कोल्हापुरी चप्पलही बाजूला ठेवा, घासल्या जागी फोड येतो.

तोंडासाठी डॉक्टर बीटामेथासोनची विरघळणारी अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी देतात. ती 10 मिलिलिटर पाण्यात घोळवून 5 मिनिटं तोंडात फिरवायची, थुंकायची, नंतर अर्धा तास काही खायचं नाही. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला तर बुरशी समजा आणि दाखवा. मऊ भात, कोमट वरण, केळं चालतं. तांबडा रस्सा आणि मिसळ काही महिने विसरा. पांढरा रस्साही मिऱ्याने झोंबतो. कोल्हापुरात म्हशी समोर पिळून दूध देतात त्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध या औषधांवर असताना अजिबात नको, उकळूनच प्या.

ताप, पू, डोळे लाल होणं, काळी शी, पाणीही गिळता न येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्टिरॉइडमुळे ताप दबून राहू शकतो, तेव्हा 99 दिसला तरी दुर्लक्ष नको. लस घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. जिवंत विषाणूंच्या लसी या काळात चालत नाहीत.