थर्मोकोलच्या गाभ्यावर फायबरग्लासचे कवच

दुचाकीच्या आसनामागचे कवच घरी बनवायचे असेल, तर पहिला निर्णय रेझिनचा, म्हणजे काचेच्या कापडात मुरून कडक होणाऱ्या द्रवाचा, घ्यावा लागतो, कारण स्वस्तात मिळणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरिन थर्मोकोलला अक्षरशः विरघळवून टाकते. त्यामुळे अशा गाभ्यावर इपॉक्सी रेझिनच वापरावे.

गाभा तापलेल्या नायक्रोम तारेने कापून पॉलिश पेपरने घासून घ्यावा. कडांना बोटाच्या टोकाइतकी गोलाई द्यावी, नाहीतर काचेचे कापड तिथे उचलले जाते आणि खाली हवा अडकते.

हार्डनर, म्हणजे इपॉक्सीला कडक करणारा घटक, उत्पादकाने दिलेल्या प्रमाणात, काट्यावर तोलूनच घालावा. तो जास्त घातल्याने इपॉक्सी लवकर वाळत नाही, उलट कायमचे चिकट राहू शकते. एका वेळी 100 ग्रॅमच मिश्रण करावे, कारण जास्त मिश्रण पेल्यात आपोआप तापत जाते. मी एकदा पाव किलो कालवून कापड कापत बसलो, तेवढ्यात प्लास्टिकचा पेला धूर सोडत वाकला.

हाताने थर देताना साधारण कापडाच्या वजनाइतके रेझिन पुरते. ब्रश ओढू नये, टोचत टिपावा. कापड पारदर्शक झाले की ते भिजले, आणि जिथे पांढुरका ठिपका राहिला तिथे ते कोरडेच आहे, असे समजावे.

पावसाळ्यात वाळलेल्या पृष्ठभागावर कधीकधी मेणचट थर येतो. तो कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या घासणीने धुतल्यावरच पुढचे घासकाम करावे, तेही नायट्राइलचे हातमोजे व मास्क घालून, पेपर ओला ठेवून.